देवळाली ते पठाणकोट : भिंगरी आणि ठकूला घेऊन

निघण्याच्या आदल्या दिवशी, देवळाली

अंगणात सात काळ्या ट्रंका ओळीनं मांडल्या होत्या आणि हे पांढऱ्या ऑइल पेंटनं त्यांच्यावर नंबर, रँक, नाव आणि खाली 'पठाणकोट' लिहीत होते. सकाळपासून आमची कुत्री भिंगरी कुणाच्याही हाताखाली येत नव्हती. कपाटं रिकामी झाली, पलंगाचे बोल्ट निघाले, तसतशी ती एका ट्रंकेवरून दुसऱ्या ट्रंकेवर जाऊन बसत होती. जणू तिच्यावर बसलं की ती हलणार नाही. दुपारी ती पाचव्या ट्रंकेवरून उतरली तेव्हा तिच्या डाव्या कुशीवर 'ठा' उमटला होता आणि ट्रंकेवरचा 'ठा' फरफटला होता. ह्यांनी नवीन अक्षर काढलं नाही. म्हणाले, "राहू दे. वाचता येतंय."

संध्याकाळी डॉक्टरांकडे भिंगरी आणि आमची मांजर ठकू, दोघींना नेलं. प्राण्यांच्या वाहतुकीचे १९७८ सालचे नियम आहेत. कुत्रा-मांजर लांब न्यायचं तर पशुवैद्याचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र सोबत लागतं. रेबीजची लस वर्षाच्या आतली हवी. डॉक्टरांनी भिंगरीची ओळखीची खूण म्हणून 'डाव्या कुशीवर पांढरा डाग' असं लिहायला घेतलं. तो रंग आहे हे सांगितल्यावर त्यांनी ते खोडून 'उजवा कान टोकाला फाटलेला' असं लिहिलं.

ह्यांची पोस्टिंग फेब्रुवारीतच आली होती. तोफखान्यातले नायब सुभेदार, पंधरा वर्षांत सहावं ठिकाण. लष्कराकडून मिळणाऱ्या रेल्वे वॉरंटवर सेकंड एसीनं जाता येतं, पण कुत्रा रेल्वेत माणसाजवळ बसतो तो फक्त फर्स्ट एसीत, आणि तेही अख्खी कुपे किंवा केबिन आपल्या नावावर असेल तरच. नाहीतर ब्रेक व्हॅनमधली लोखंडी पेटी. एप्रिलच्या उन्हात, इंजिनाच्या आणि गार्डाच्या आवाजात, दीड-दोन दिवस एकटी. मी ती पेटी नाशिकरोडला जाऊन पाहून आले आणि घरी येऊन सांगितलं, आपण गाडीनं जायचं. आमची जुनी वॅगन आर, दोन मुलं, एक कुत्री, एक मांजर. सामान ट्रकनं.

सासूबाईंचा साताऱ्याहून फोन आला. "अगं, कुत्रं माणूस धरतं, मांजर घर धरतं. ने कुत्रीला, पण मांजरीला तिथंच राहू दे. नवीन बिऱ्हाड येईल, त्यांना लागेल उंदरांना." त्यांचं चुकत नव्हतं, गावात हेच होतं. पण छावणीतलं मागे राहिलेलं जनावर मी बघितलंय. दोन वर्षांपूर्वी समोरच्या क्वार्टरमधलं कुटुंब गेलं तेव्हा त्यांचा लॅब्रेडॉर मागे राहिला. कुणीतरी नेतो म्हणालं होतं, नेला नाही. तो कुलूपबंद दारासमोर बसायचा. मी भाकरी घेऊन गेले की शेपटी हलवायचा, दोन घास खायचा आणि पुन्हा दाराकडे तोंड करून बसायचा. नवीन कुटुंबानं दार उघडलं त्या दिवशी तो धावत आत गेला, सगळ्या खोल्या हुंगून बाहेर आला. पावसाळ्यात गेला तो. लष्करात लग्न झालं, मूल झालं की पार्ट टू ऑर्डर निघते, तेव्हा माणूस कागदावर कुटुंबात येतो. जनावराची ऑर्डर निघत नाही, म्हणून त्याला मागे ठेवणं सोपं जातं. ती ऑर्डर घरातल्यांनीच आपल्या मनात काढायची असते. मी सासूबाईंना सांगितलं, "आई, ठकू आमच्याबरोबरच येणार."

दिवस पहिला : देवळाली ते महू

पहाटे साडेचारला निघालो. भिंगरीला रात्री आठनंतर खायला दिलं नव्हतं, पोट भरलेलं असलं की गाडीत उलटी होते. ठकूची पेटी मात्र आम्ही महिनाभर आधीपासून हॉलमध्ये उघडी ठेवली होती, आत धाकट्याचा जुना स्वेटर घालून. ती दुपारी आपणहून तिथे झोपायला लागली होती. मांजर नेणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिलं सांगेन. ऐनवेळी पेटी आणली की ती मांजराला सापळा वाटते, महिनाभर घरात असली की त्याचं अंथरूण होते.

गाडीत मागची अर्धी सीट आडवी पाडून भिंगरीची जागा केली होती. तिथे तिची गोधडी. ठकूची पेटी थोरलीच्या पायाशी, वरून सुती ओढणी. आणि डिकीत अर्धं पोतं वाळू, आमच्या मागच्या अंगणातली, जिथे ठकू रोज जायची. ह्यांना आधी ते पटलं नव्हतं. "नदीला वाळू नाही काय वाटेत?" पण वास महत्त्वाचा. मांजराला आपल्या वासाची जागा लागते.

ठकू चांदवडपर्यंत ओरडली. एका सुरात, दम घेऊन घेऊन. मालेगावला थकून गप्प झाली. धुळ्याला चहा घेतला, पण गाडीतून सगळे एकदम उतरलो नाही. हा नियम आम्ही शेवटपर्यंत पाळला. एक मोठं माणूस गाडीत, एसी चालू, मग बाकीच्यांनी उतरायचं. उन्हात बंद गाडी पाच-दहा मिनिटांतच भट्टी होते. काच चार बोटं उघडी ठेवून काही होत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून अंगातली उष्णता काढतो. आणि आतली हवाच तापली तर धापांचाही उपयोग नाही.

शिरपूरच्या अलीकडे तापी ओलांडली. पळासनेरनंतर बिजासन घाट, मग सेंधवा. मराठी पाट्या संपल्या आणि थोरलीनं मागून विचारलं, "आई, तिथल्या शाळेत मराठी नसणार ना?" मी नसणार म्हटलं. ती खिडकीकडे वळली आणि तिनं भिंगरीच्या मानेत हात घातला. पाचवीपर्यंत तिची ही चौथी शाळा. मैत्रिणी दर वेळी नव्यानं करायच्या. मांजर-कुत्रं कशाला एवढं ओढत न्यायचं, असं विचारणाऱ्यांना मला हे दाखवावंसं वाटतं. त्या हाताला काहीतरी जुनं, ओळखीचं लागतं.

खलघाटला नर्मदेवर पूल आहे. पलीकडे जाऊन बाजूला थांबलो, मी पाण्याला हात लावून आले. भिंगरी पट्ट्यासकट घोटाभर पाण्यात उभी राहिली आणि बराच वेळ प्यायली. नंतर मला वाटलं, नदीचं पाणी नको होतं प्यायला द्यायला. पोट बिघडतं. घरचं पाणी दोन कॅन भरून आणलं होतं आणि रोज त्यात थोडं वाटेतलं मिसळत जायचं ठरवलं होतं, म्हणजे पोटाला सवय होते. पण त्या वेळी तिला ओढून काढवलं नाही.

दुपारी अडीचला महूत पोचलो. मोठी लष्करी छावणी, इन्फंट्री स्कूल आणि आर्मी वॉर कॉलेज इथलंच. ह्यांच्या कोर्समधल्या एका सोबत्याकडे मुक्काम होता. संध्याकाळी ऊन उतरल्यावर ह्यांना प्राण्यांजवळ ठेवून मुलांना भीम जन्मभूमीवर नेलं. १४ एप्रिलची तयारी सुरू होती, मंडपाचे बांबू पडले होते. मुलांना सांगितलं, बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते, इथल्या छावणीत शिकवायचे, म्हणून १८९१ साली त्यांचा जन्म इथला. नोकरी संपल्यावर ते कुटुंब दापोलीला गेलं आणि मग साताऱ्याला. धाकटा म्हणाला, "म्हणजे आपल्यासारखंच?" मी म्हटलं, त्यांना फार सोसावं लागलं, आपल्याला तेवढं नाही. पण छावणीतून छावणीत फिरणारं घर, ते आपल्यासारखंच.

रात्री ठकूनं काही खाल्लं नाही. वाळूच्या घमेल्यात गेलीही नाही.

दिवस दुसरा : महू ते ग्वाल्हेर

हा दिवस मला आयुष्यभर आठवणार.

इंदूर, देवास, शाजापूर, सारंगपूर असं करत ब्यावरा गाठलं. तिथून रस्ता गुण्याकडे वळतो. दोन्ही बाजूंना गहू कापलेली रानं, नुसती सोनेरी खुंटं. अकराच्या सुमाराला एका ढाब्यावर थांबलो. भिंगरीला मी उतरवलं. तिच्या गळ्यात नेहमीचा चामड्याचा पट्टा होता. ढाब्याची तीन-चार कुत्री एकदम अंगावर आली आणि त्याच क्षणाला मागून ट्रकनं हॉर्न वाजवला. भिंगरी मागे सरकली, मान आखडून घेतली आणि पट्टा डोक्यावरून निसटून माझ्या हातात राहिला. रिकामा. ती रस्ता ओलांडून पलीकडच्या रानात. दोन ट्रकांच्या मधून गेली ती. मी डोळे मिटून घेतले होते, हे मला नंतर धाकट्यानं सांगितलं.

हे मागोमाग धावले. मी हाका मारत राहिले. ती दूरवर दिसत होती, खुंटांमध्ये तांबडा ठिपका, पण हाक मारली की आणखी पुढे पळत होती. घाबरलेलं कुत्रं हाकेला येत नाही. पाठलाग केला की तर नाहीच, त्याला सगळेच अंगावर येणारे वाटतात. ढाब्यावरचे एक सरदारजी ट्रकवाले आले आणि ह्यांना म्हणाले, "पीछे मत भागो, बैठ जाओ।" हे तिथेच रानात मांडी घालून बसले.

थोरलीनं तेवढ्यात गाडीतून भिंगरीची ताटली काढली. जर्मनची, कड वाकलेली, तिच्यात ती रोज संध्याकाळी जेवते. आणि देवळालीला वाजवायची तशी चमच्यानं तीन वेळा वाजवली. थांबून पुन्हा तीन वेळा. इकडे ट्रकांचा एवढा आवाज, मला वाटलं काय ऐकू जाणार. पण तो ठिपका थांबला. मग वळला. अर्ध्या वाटेवर ती ह्यांच्यापाशी आली आणि त्यांच्या मांडीत घुसली. हे तिला लहान मुलासारखं उचलून घेऊन आले, वीस किलोचं जनावर. तिच्या चारही पायांना गव्हाची खुंटं टोचून रक्त आलं होतं. त्या सरदारजींनी केबिनमधून हळदीची पुडी काढून दिली.

गुण्याला पहिल्या दुकानातून छातीभोवतीचा पट्टा घेतला. तो मान आखडून निसटत नाही. तो मी देवळालीलाच घ्यायला हवा होता. गळ्यातला पट्टा ओळखीच्या गल्लीत पुरतो, प्रवासात नाही. तिच्या पट्ट्यावर ह्यांचा फोन नंबर कोरलेला होता, पण पट्टाच माझ्या हातात राहिल्यावर तो नंबर कोण वाचणार. म्हणून नव्या पट्ट्यावर आणि ठकूच्या पेटीवर, दोन्हीकडे मार्करनं नंबर लिहिला.

शिवपुरी ओलांडून ग्वाल्हेरला पोचायला संध्याकाळचे सात वाजले. राहायची खोली दोन आठवडे आधी फोन करून ठरवली होती, जनावरं आहेत हे स्पष्ट सांगून. पण ड्युटीवरचा माणूस बदलला होता. म्हणाला, कुत्रा आत येणार नाही, बाहेर गाडीत ठेवा. हे शांतपणे दोनदा बोलले. मग म्हणाले, चला. मला रडू येत होतं, पण मुलांसमोर रडले नाही. पायाला हळद लावलेली कुत्री, छत्तीस तास लघवी न केलेलं मांजर, आणि रात्र.

ह्यांनी मुरारला एकाला फोन लावला. जुन्या रेजिमेंटमधला हवालदार, आता रिटायर, भिंडकडचा. दहा वर्षांत भेट नव्हती. तो म्हणाला, "साब, पता भेज रहा हूँ, पूछना क्या इसमें।" त्यांच्या घरी दोन म्हशी, अंगणात लिंब. भाभींनी आधी भिंगरीला पाणी ठेवलं, मग आम्हाला. त्यांच्याकडे एक खोली रिकामी केली आणि म्हणाल्या, मांजरीला इथे सोडा, दार लावून घ्या, कुणी जाणार नाही. मी घमेल्यात देवळालीची वाळू ओतली, दिवा मालवला आणि ठकूजवळ अंधारात बसून राहिले. आमच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, चोवीस तासांवर लघवी तुंबली तर थांबू नका, डॉक्टर गाठा. मी सकाळी पहिल्यांदा तेच करायचं ठरवलं होतं.

पावणेएकला वाळू खरवडल्याचा आवाज आला. मग पुन्हा. मी हललेसुद्धा नाही. सगळं झाल्यावर ती माझ्या पायाला घासून गेली आणि वाटीतला मासा खायला बसली. अंगणातली ती वाळू आणली नसती तर काय झालं असतं, कोण जाणे.

दिवस तिसरा : ग्वाल्हेर ते पानिपत

उशिरा निघालो, साडेसातला. भाभींनी मुलांच्या हातात पराठे दिले आणि भिंगरीच्या पायाला पुन्हा हळद-तेल लावलं.

मुरैना, मग चंबळचा पूल, मग धौलपूर. त्या घळ्या, त्या दऱ्या मुलं डोळे फाडून बघत होती. आग्रा बाहेरूनच पार केलं. मथुरा, कोसी, पलवल. पलवलपासून दिल्ली टाळणारा १३५ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग घेतला, तो कुंडलीला निघतो. जनावर घेऊन जाणाऱ्यांनी दिल्लीत शिरूच नये. सिग्नलला अडकलेली गाडी आणि ऊन, यातच ती जास्त आजारी पडतात. वाटेत भिंगरीची धाप वाढली तेव्हा पाण्यात भिजवलेला पंचा तिच्या पोटाखाली आणि पंजांवर ठेवला. बर्फ नाही, साधं गार पाणी.

ह्या रस्त्यावर ह्यांनी मुलांना मेरूची गोष्ट सांगितली. २२ आर्मी डॉग युनिटचा माग काढणारा कुत्रा, नऊ वर्षांचा. २०२४ साली रिटायर झाल्यावर तो आपल्या हँडलरबरोबर, म्हणजे त्याला सांभाळणाऱ्या जवानाबरोबर, फर्स्ट एसीतून मेरठला गेला, तिथल्या लष्करी पशुवैद्यकीय दलाच्या आरव्हीसी सेंटरमध्ये, जिथे म्हाताऱ्या लष्करी कुत्र्यांना ठेवतात. त्याचा बर्थवर पांघरूण घेऊन झोपलेला फोटो सगळीकडे आला होता. आणि केंटची गोष्ट, २१ आर्मी डॉग युनिटची लॅब्रेडॉर, सप्टेंबर २०२३ मध्ये राजौरीत आपल्या हँडलरला वाचवताना गेली. धाकट्यानं विचारलं, "भिंगरीनं काही केलं नाही तरी ती आर्मीची आहे ना?" हे म्हणाले, "आहे. ती घरच्यांवर ड्युटीला आहे." मेरूचा फोटो पाहिल्यापासून मला एकच वाटतं. ज्या लष्करानं आपल्या कुत्र्याला फर्स्ट एसीत बसवलं, त्यानं जवानाच्या घरच्या जनावराची पोस्टिंगच्या वेळी काही सोय करावी. वाटेतल्या ट्रान्झिट कॅम्पात एक सावलीची खोली, पाणी, दाराला कडी. एवढंच पुरे.

पानिपतला चार वाजता पोचलो. काला आंब शहराबाहेर आहे. दगडी स्मारक, बाग, शांतता. भिंगरीला बाहेर लिंबाखाली ह्यांच्याजवळ ठेवून मी आत गेले. १४ जानेवारी १७६१. आमच्याकडे कुणी हरलं की 'पानिपत झालं' म्हणतात, पण तिथे उभं राहिल्यावर मला लढाईपेक्षा बुणगे आठवले. फौजेबरोबर बायका होत्या, मुलं होती, यात्रेकरू होते, बैल, उंट, घोडी होती. दख्खनेतून इथपर्यंत कितीतरी महिने चालत आलेलं सगळं बिऱ्हाड. शेवटी खायला दाणा-वैरण उरली नव्हती, माणसांनाही आणि जनावरांनाही. मी पुरणपोळी आणली नव्हती, फुलंही नव्हती. पाण्याच्या कॅनमधलं देवळालीचं उरलेलं पाणी तिथल्या झाडाच्या मुळाशी ओतलं आणि नमस्कार केला.

रात्री एका साध्या हॉटेलात राहिलो. मालकानं जनावरांचं ऐकून फक्त एवढंच विचारलं, "काटता तो नहीं?"

दिवस चौथा : पानिपत ते मामून

कर्नाल, अंबाला, लुधियाना. लुधियानाच्या पुढे सतलज. इकडे गहू अजून उभा होता, बैसाखी आठवड्यावर आली होती. ठकू आता ओरडत नव्हती. ओढणीच्या फटीतून बाहेर बघत होती. जालंधरच्या पुढे दसूया, मुकेरियां, मग बियास. पुलावरून समोर धौलाधारचा बर्फ दिसला आणि मुलं एकदम ओरडली. भिंगरीही उठून भुंकली, कशावर ते तिलाच माहीत.

मामून ही पठाणकोटची लष्करी छावणी. तिच्या गेटवर गार्डनं कागद बघितले. ओळखपत्रं, मूव्हमेंट ऑर्डर, गाडीचे कागद. मी भिंगरी-ठकूची प्रमाणपत्रंही पुढे केली. त्याला ती नको होती. तरी त्यानं बघितली, दोन्ही, आणि परत देताना काचेतून मागे वाकून बघितलं. "दो जनाना और," असं काहीतरी म्हणाला आणि दांडा वर केला.

क्वार्टर रिकामं, भिंतींवर आधीच्यांच्या कॅलेंडरचे चौकोन. ठकूला लगेच मागच्या खोलीत ठेवलं, खिडकीला जाळी आहे हे बघून. तिथेच तिचा स्वेटर, वाळू, पाणी. नव्या घरी मांजराला आधी काही दिवस एका खोलीत ठेवायचं, मग हळूहळू घर, आणि बाहेर अगदी शेवटी. एकदम सोडलं तर ते जुनं घर शोधायला निघतं. देवळाली इथून चार दिवसांच्या वाटेवर आहे.

सतरंजीवर झोपलो सगळे. भिंगरी दाराला पाठ लावून झोपली.

सहावा दिवस

ट्रक दुपारी आला. भिंगरी व्हरांड्यात होती. पहिल्या चार ट्रंका उतरल्या, तिनं प्रत्येकीला हुंगलं आणि बाजूला झाली. पाचवी उतरली, फरफटलेल्या 'ठा'ची. चौघा जवानांनी ती जमिनीवर टेकवायच्या आधीच ती वर चढली आणि आडवी झाली. जवान तसेच थांबले, दोर हातात धरून. हे म्हणाले, "ठीक आहे, तिच्यासकट आत घ्या," आणि त्यांनी तिला ट्रंकेसकट उचलून आत नेलं.